बोर्डाआधी ठोकलेले हुक

त्या जपानी कंपनीने मला बोर्ड दिला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहिल्या तर मी विसरले असं कुणाला वाटायला नको. मी विसरलेली नाही. दुबईच्या करामा भागातल्या माझ्या दुकानाच्या दारावर त्या बोर्डासाठी मी पहिल्याच वर्षी दोन हुक ठोकून घेतले होते. दिवाळीत एकावर आकाशकंदील लागायचा. दुसरा नुसताच.

माझं माहेर चिपळूणचं. वडिलांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक पातेलं उचलून वाजवून बघतं तेव्हा त्याच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघायचं, हे मी तिथे शिकले. तोंड ‘महाग आहे’ म्हणतं, पण बोटांनी पातेलं सोडलेलं नसतं. लग्न होऊन दुबईला आले ती ह्यांच्या नोकरीमुळे. हे एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. स्वभावाने इतके शांत की भाजीवाल्याने जास्त पैसे लावले तरी ‘थँक्यू’ म्हणून देऊन यायचे. मग मी खाली उतरून ते परत आणायची.

धंदा सुरू झाला तो आमच्या हॉलमध्ये. मुलीला वाढदिवसाला व्हिडिओ गेमची कॅसेट घेतली होती. कंपनी तिला कार्ट्रिज म्हणायची, आम्ही सगळे कॅसेटच म्हणायचो. हाताच्या पंजाएवढा प्लास्टिकचा ठोकळा, मशीनमध्ये खोचला की टीव्हीवर खेळ सुरू. किंमत अडीचशे दिरहम. मी तिथेच, दुकानात उभी राहून, मोठ्याने त्याचे रुपये केले आणि ह्यांनी माझा हात दाबला. थोड्याच दिवसांत मुलीचा खेळ संपला. सोफ्यावर आडवी पडून म्हणाली, “आय अ‍ॅम बोअर्ड, आई.”

अडीच हजाराची वस्तू आणि पोरगी बोअर्ड! मी ती कॅसेट उचलली आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाला शुक्रवारच्या सुट्टीपुरती दहा दिरहमला भाड्याने दिली. गुरुवारी दुपारी न्यायची, शनिवारी शाळेआधी आणून द्यायची. त्या भाड्यातून दुसरी कॅसेट आली, मग तिसरी. वर्षभरात हॉलमध्ये पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही, तेव्हा अरबाब, म्हणजे कागदोपत्री लागणारा इथला अरब मालक, शोधला, लायसन काढलं आणि केरळी सलून आणि लाँड्री यांच्यामधला एक गाळा घेतला. वर लिहिलं, ‘सेल अँड रेंट’. सेल नावाला होता. पोट भरायचं ते रेंटवर.

आता कंपनीकडे वळते. त्या काळी कॅसेट बनवणाऱ्या कंपन्यांत ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात ताठ. तिचं गोदाम शहराबाहेर, जबल अली बंदरापाशी होतं. साध्या दुकानदाराला तिथून माल मिळायचा, पण रांगेत शेवटी. नवा गेम आला की आधी बोर्डवाल्यांना, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांना, आणि उरला तर आम्हाला. म्हणून मला बोर्ड हवा होता. मी अर्ज केला आणि कंपनीचे साहेब दुकान बघायला आले.

जून महिना होता. बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि हे गृहस्थ पूर्ण सुटात, टाय गळ्यापर्यंत, हातात बिस्किटांचा डबा. साठीच्या आसपासचे. आत आले, कमरेत वाकले आणि आपलं कार्ड दोन्ही हातांनी धरून अदबीने पुढे केलं. आमच्या ह्यांच्यापुढे. हे त्या दिवशी फक्त एसीचा पाण्याचा पाइप बघायला आले होते.

“ओनर आय अ‍ॅम,” मी काउंटरमागून म्हटलं.

साहेब माझ्याकडेही वाकले. पण कार्ड एकच आणलं होतं, ते गेलं होतं. त्या दिवसापासून त्या कंपनीचं प्रत्येक पाकीट, प्रत्येक बिल, नव्या वर्षाचं कॅलेंडरसुद्धा ‘मिस्टर’ लावून ह्यांच्या नावाने आलं. मी दरवर्षी सांगायची, बदला. दरवर्षी साहेब दातांतून आत श्वास ओढायचे, चटका बसल्यासारखा, स्स्स्, आणि म्हणायचे, “दॅट इज डिफिकल्ट.”

बोर्डाचंही तेच. दुकान त्यांनी नीट पाहिलं, कॅसेटींची मांडणी पाहून मान हलवली. मग भाड्याचा फळा दिसला.

“हे बंद करावं लागेल,” ते इंग्रजीत म्हणाले. “आमचा गेम एका मुलाचा असतो. ते मूल तो विकत घेतं, जपतं. आमच्याकडे जपानमध्ये गेम भाड्याने देत नाहीत.”

“साहेब, इथे आमचा फ्लॅट भाड्याचा, गाडी बँकेची, व्हिसा अरबाबचा,” मी म्हटलं. “आम्ही सगळेच इथे मुदतीवर आलोय. उद्या व्हिसा संपला तर माणशी तीस किलो सामान घेऊन जायचंय. त्यात आई साड्या भरेल, बाप टेपरेकॉर्डर. पोराने एकट्याने काय म्हणून कायमची वस्तू घ्यायची?”

स्स्स्. “डिफिकल्ट.”

मला वाटलं, ही सुरुवात आहे. आमच्या धंद्यात ‘नाही’ म्हणजे भाव सांगायची तयारी. मी म्हटलं, भाडं फक्त जुन्या गेमांचं ठेवते. डिफिकल्ट. नवा गेम आला की सहा महिने भाड्याला लावणार नाही. डिफिकल्ट. मग दर वर्षी इतक्या कॅसेटी रोखीने विकत घेईन, लिहून देते. डिफिकल्ट. मी चढत गेले, घसरत गेले, रागावले, कॅल्क्युलेटर त्यांच्यासमोर आपटला. तो माणूस एक पैसा हलला नाही. शेवटी उठून वाकला आणि बिस्किटांचा डबा ठेवून गेला. बिस्किटं चांगली होती, हे कबूल करते.

“किती सज्जन माणूस,” हे म्हणाले.

“सज्जन! ज्याला घासाघीस कळत नाही तो माणूस सज्जन असून काय उपयोग?”

ते दरवर्षी जूनमध्ये यायचे. तोच सूट, तोच डबा, तोच श्वास. दरम्यान जग बदलत होतं. दुसऱ्या एका कंपनीचं सीडीवर चालणारं मशीन आलं. सीडी स्वस्त, दिसायला चकचकीत. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली. त्या वर्षी साहेब आले तेव्हा मी बोर्डाचा विषयच काढला नाही, थेट त्यांच्यावर घसरले.

“सीडी काढा! तुमच्या या ठोकळ्याच्या किमतीत त्यांच्या किती सीड्या येतात माहितीये? सगळं जग सीडीवर गेलं, तुम्ही कुणाची वाट बघताय?”

साहेबांनी शांतपणे काउंटरवरची एक कॅसेट उचलली, हात खांद्याएवढा वर नेला आणि सोडून दिली. फरशीवर टणकन आवाज झाला. माझ्या तोंडून चिपळूणची एक शिवी गेली. त्यांनी ती कॅसेट, शिवी नव्हे, उचलली, मशीनमध्ये खोचली. क्षणात गेम सुरू.

“सीडी सुरू व्हायला वेळ लावते,” ते म्हणाले. “मूल वाट बघत नाही. आणि मूल रागावतं. रागावलं की फेकतं.”

“फेकू द्या की! सीडी फुटली तर दुसरी घेतील. ठोकळा फुटत नाही म्हणून दुसरा घेत नाहीत. धंदा कुणाला कळतो, तुम्हाला की मला?”

तेवढ्यात एक पोरगा दुकानात आला, त्याने कॅसेट उचलली आणि सवयीने तिच्या तोंडात जोरात फुंकर मारली. सगळ्या करामाची पोरं फुंकायची. फुंकल्याशिवाय गेम चालतच नाही अशी त्यांची खात्री होती. कंपनीने तर प्रत्येक कॅसेटच्या मागे छापलं होतं, फुंकू नये. साहेबांनी डोळे मिटून घेतले, जणू फुंकर त्यांच्या कानात गेली. त्या वर्षीच्या चिडचिडीत मला तेवढाच एक आनंद मिळाला.

एकदा मात्र ते शनिवारी सकाळी आले, परतीच्या वेळेला. शाळेच्या बसआधी पोरांची झुंबड उडते ती वेळ. इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. त्या कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी असायची. खेळ जिथवर आला असेल तिथवर ती लक्षात ठेवायची, आणि त्यासाठी तीन खाने असायचे. सुरुवातीला या खान्यांनी माझं डोकं उठवलं होतं. एका पोराने महिनाभर खेळून गड सर करावा, आणि पुढच्या आठवड्यात कॅसेट नेणाऱ्याने त्याच्यावरच आपला खेळ लिहून ठेवावा. मग रडारड, मग दोघांच्या आया माझ्या काउंटरवर. शेवटी मी नियम केला. एका कॅसेटला तीन घरं. प्रत्येक घराचा खाना ठरलेला. दुसऱ्याच्या खान्याला हात लावला तर महिनाभर कॅसेट बंद. या नियमाला मीही सवलत देत नव्हते, आणि मी सवलत देत नाही म्हणजे केवढी गोष्ट, हे मला ओळखणाऱ्यांना कळेल.

मग एक निराळंच सुरू झालं. पोरं एकमेकांचे खाने उघडून बघू लागली. हात न लावता, नुसतं बघायचं. पहिल्या खान्यातला पुढे गेला का? दुसरी अजून त्या पुलापाशीच अडकलीये का? एकजण करामातला, दुसरी बर दुबईची, तिसरा थेट शारजाच्या रोल्लातला, त्याचे वडील रोज कामाला इकडे यायचे म्हणून. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण कोण कुठे अडकलंय ते सगळ्यांना पाठ. काउंटरवर निरोप ठेवायची, “आँटी, टेल हर देअर इज अ डोअर बिहाइंड द वॉटरफॉल.” आँटी म्हणजे मी. धबधब्यामागे दार आहे, हे निरोप मी मेथी निवडता निवडता पोचवायची.

त्या शनिवारी साहेबांनी एक कॅसेट लावून बघितली. तिन्ही खाने भरलेले.

“हा तिसरा कोण?” त्यांनी विचारलं. “हा फार पुढे गेलाय.”

“हा दोघांचा आहे. पहिला मुलगा गेला, वडिलांची नोकरी संपली, सगळे कायमचे केरळात, कोळिकोडला परतले. त्याचा खाना नव्या मुलाला दिला.”

“आणि नव्याने तो पुसला नाही?”

“पुसायचा कशाला? तो पुढे खेळतोय.”

साहेबांनी पडद्यावर तिन्ही खान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “तीन खाने आम्ही एका घरातल्या भावंडांसाठी केले होते.”

त्यांचा आवाज जरा हलला असावा, असं ऑफिसला जाता जाता दुकानात थांबलेले हे नंतर म्हणाले. मला तसं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच आलं होतं, तेच मी बोलले, “मग तुमचीच चूक. एक खाना ठेवला असता तर तीन कॅसेटी विकल्या गेल्या असत्या. आता बोर्ड देता का?”

“डिफिकल्ट.”

“साहेब, तुम्ही हा शब्द सोडा. इथे राहायचं तर इन्शाल्ला म्हणा.” मी त्यांना फरक समजावून सांगितला. डिफिकल्ट म्हटलं की दार बंद. इन्शाल्ला म्हटलं की काम होईलच असं नाही, पण दार उघडं राहतं, समोरच्याला चहा तरी नीट पिता येतो. त्यांनी तो शब्द दोनदा हळूच म्हणून पाहिला, मान हलवली, आणि वापरला मात्र नाही. कंपनीची परवानगी लागत असावी.

मग ते वाईट वर्ष आलं. आमच्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला, काचेचं मोठं शोरूम उघडलं. उद्घाटनाच्या दिवशीच त्याच्यावर तो बोर्ड झळकला. माझा बोर्ड. मी काउंटरवर बसून दिवसभर त्याच्याकडे बघत होते. शोरूमचा मॅनेजर मुंबईचाच, कोट-टायवाला. दुसऱ्या दिवशी मिठाई घेऊन आला, वर हुकांकडे बघितलं आणि म्हणाला, “भाभीजी, इन पे क्या टांगने का इरादा था?”

“तुझा कोट,” मी मराठीत म्हटलं. मुंबईचा होता, त्याला कळलं.

आठवड्याभरात खबर आली की त्याने कंपनीला लिहिलंय, भाड्याने देणाऱ्या दुकानांचा माल बंद करा, नाहीतर आमचा काय फायदा? त्याच सुमाराला ह्यांचं फुजैराचं प्रोजेक्ट संपत आलं होतं आणि पुढचं काम मिळायचं चिन्ह नव्हतं. माल बंद झाला असता तर दुकान गेलं असतं, आणि दुकान गेलं असतं तर पोरीची शाळा अर्धवट टाकून आम्हाला बिऱ्हाड उचलावं लागलं असतं. हे म्हणाले, “चिपळूणला काय वाईट आहे?” मी एवढी रागावले की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. हे ती गुपचूप जेवले.

साहेबांनी मला आणि त्या मॅनेजरला एकत्र बोलावलं, देऱ्यातल्या एका हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये. मी साडी नेसून गेले, भांडायला साडीच बरी पडते. मॅनेजर फाइल घेऊन आला होता. तो फार चांगलं बोलला, हे सांगायला हवं. कंपनीचीच वाक्यं त्याने कंपनीला ऐकवली. गेम एका मुलाचा असतो, भाडं कंपनीच्या तत्त्वात बसत नाही, बोर्डाची इज्जत राहिली पाहिजे. मी मध्ये तोंड उघडलं तर म्हणाला, “भाभीजी, ये भाजी मार्केट नहीं है.”

“भाजी मार्केट असतं तर तू केव्हाच नासला असतास,” मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा बरोबर होता, आणि समोर बसलेला माणूस आजवर माझ्यासाठी एक पैसा हलला नव्हता.

मॅनेजर थांबला. साहेबांनी कॉफीचा कप बशीत ठेवला, कपाचा कान सरळ केला. आणि मग मला तो आवाज ऐकू आला.

स्स्स्.

मॅनेजरला काही कळलं नाही. मला कळलं. इतकी वर्षं तो श्वास मला सुरीसारखा लागायचा. त्या दिवशी माझ्या कानांना तो सनईसारखा वाटला.

“दॅट इज डिफिकल्ट,” साहेब म्हणाले.

“डिफिकल्ट म्हणजे?” मॅनेजरने पेन काढलं. “पुढच्या महिन्यापासून? तीन महिन्यांनी?”

मी खुर्चीत आरामात मागे टेकले. बिचाऱ्याला वाटत होतं, ही सुरुवात आहे.

“या दुकानाला गेल्या वर्षी माल दिला,” साहेब सावकाश म्हणाले. “त्याच्या आधीच्या वर्षीही दिला. आता बंद केला तर आधी का दिला ते वर सांगावं लागेल. ते ज्यांनी ठरवलं त्यांनाही विचारावं लागेल. फार डिफिकल्ट.”

मॅनेजरने अर्धा तास घातला. तो चढला, उतरला, फाइल आपटली, यल्ला सर यल्ला करत घड्याळ दाखवलं. मी दुसरी कॉफी मागवली, त्याच्या बिलावर. एखाद्याने आपलीच चूक आपल्यासमोर इतकी मनापासून करावी, असं सुख आयुष्यात क्वचित मिळतं. शेवटी तो “खलास” म्हणून उठला आणि मिठाईसुद्धा परत मागेल अशा तोंडाने निघून गेला.

लिफ्टपाशी मी साहेबांना गाठलं. आभार मानणार होते, खरंच मानणार होते. पण लोखंड गरम असताना मला गप्प बसता येत नाही.

“म्हणजे कंपनी आहे ते बदलत नाही. छान. मग माझं दुकान अधिकृतच म्हणायचं. बोर्ड कधी पाठवता?”

स्स्स्.

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी त्यांच्यावर ओरडत होते. ते वाकलेलेच होते.

घरी आल्यावर हे म्हणाले, “त्यांनी मुद्दाम केलं. ते तीन खाने त्यांच्या लक्षात राहिले असणार.” मला ते पटत नाही. मनात असतं तर बोर्ड दिला असता. माझ्या मते ती कंपनी काहीच बदलू शकत नव्हती, माझ्या बाजूनेही नाही आणि माझ्याविरुद्धही नाही. पण माल येत राहिला, दुकान चाललं, ह्यांना पुढे शारजात काम मिळालं, आणि पोरगी त्याच शाळेतून पुढच्या वर्गात गेली. शोरूमने दोन वर्षांत गेम काढून टाकून मोबाइल लावले. बोर्ड उतरवताना मी मुद्दाम दारात उभी होते.

मग दोन हजार साल उलटलं आणि एक दिवस चमत्कार झाला. कंपनीने कॅसेट सोडली. नवं मशीन आलं ते सीडीवर. तेही स्वतःच्या हट्टाने, सगळं जग मोठी सीडी वापरत होतं, तर यांची वाटीच्या तोंडाएवढी लहान. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, शेवटी माझंच ऐकलं.

पहिल्याच शनिवारी सीड्या परत आल्या. एकीवर चिप्सचं तेल. एकीवर जुमेराच्या समुद्राची वाळू. एकीवर तर पोराने सुलेमानीचा, म्हणजे कोऱ्या चहाचा, ग्लास ठेवलेला, गोल डाग स्पष्ट. निम्म्या चालेनात. सवयीप्रमाणे पोरं तिच्यावरही फुंकत होती, वर शर्टाला पुसत होती. आणि तीन खाने गेले होते. आता प्रत्येक पोराच्या खिशात आपापलं मेमरी कार्ड. धबधब्यामागच्या दाराचे निरोप बंद.

मी जबल अलीला फोन लावला.

“साहेब, ही सीडी चालायची नाही. कॅसेट परत आणा.”

पलीकडे साहेबांनी कागद चाळले. मग म्हणाले, “तुम्हीच दरवर्षी सीडी मागत होता.”

“तेव्हा तेव्हाचं बरोबर होतं. आता आताचं बरोबर आहे. मूल रागावतं, फेकतं, तुम्हीच सांगितलं होतं ना? मग सोडली कशाला? जरा आपल्या मतावर ठाम राहावं माणसाने!”

तारेतून स्स्स् ऐकू आला. मी डोळे मिटून घेतले. पण तो शब्द आला नाही. त्याऐवजी त्यांनी विचारलं, “तो तिसरा खाना, दोघांचा. तो नवा मुलगा शेवटपर्यंत पोचला का?”

“पोचला. कोळिकोडला पत्र लिहून कळवलं त्याने.”

मग साहेब हळूच, पण अगदी नीट म्हणाले, “कॅसेट परत. हं. इन्शाल्ला.”

इतक्या वर्षांत त्या माणसाचा भाव पहिल्यांदा हलला होता. रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावून मी दाराबाहेर, वर हुकांकडे बघितलं.

“आणि साहेब,” मी म्हटलं, “ते बोर्डाचं?”